कडी बाहेरून होती

मोठ्या आजारातून उठलेलं माणूस शांत झालेलं असावं, अशी लोकांची समजूत असते. भेटायला येतात आणि म्हणतात, "पुनर्जन्मच झाला हो तुमचा. आता सगळं सोडून द्या." माझ्याकडून काहीच सुटलं नाही. मला डॉक्टरांनी वाचवलं, ओळखीच्या-बिनओळखीच्या माणसांनी वाचवलं, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण रोज सकाळी श्वास ओढायला लागणारं बळ मला एका माणसावरच्या रागाने दिलं. खाटेवर पडल्या पडल्या कुणाला तरी शिव्याशाप देणारे आणि वर त्याचीच लाज वाटून घेणारे खूपजण असतील. हे त्यांच्यासाठी लिहितेय.

कारखाना

माझं नाव लता. रत्नागिरीहून मालगुंडला जाणाऱ्या रस्त्यावर आमची वाडी. यजमान मुंबईला नोकरीला, घरी सासूबाई, धाकटे दीर, त्यांची बायको वनिता आणि त्यांची चार वर्षांची रुपाली. कोकण रेल्वे सुरू होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत कोळंबी सोलून, गोठवून परदेशी पाठवायचा एक कारखाना होता. वनिता तिथे सोलायला बसायची आणि मी सोलणाऱ्या बायकांवर देखरेख करायची. दोघी एकाच एसटीने जायचो, एकाच डब्यात जेवायचो. जावाजावा म्हणून कुणी आम्हाला ओळखत नसे, लोक बहिणीच समजायचे.

आमच्या शेडला दोन दारं होती. पुढचं दार यंत्रांच्या खोलीकडून, मागचं कातळावर उघडणारं. बायका मागच्या दाराने डब्यातून कोळंबी नेतात, असं मॅनेजर दिगसकर याच्या डोक्यात बसलं आणि त्याने त्या दाराला बाहेरून कडी आणि कुलूप घातलं. मी त्याला सांगितलं होतं, "साहेब, एवढ्या बायका आत असतात. काही झालं तर?"

तो हसला. "काय होणार आहे? चहाला पळता येत नाही म्हणून तक्रार आहे ना तुमची?"

हे हसू मी आजपर्यंत विसरलेले नाही. विसरायचंही नाहीये.

तो दिवस

दुपारचं जेवण होऊन आम्ही नुकत्याच पाटांवर सोलायला बसलो होतो. यंत्रांच्या खोलीत टायर फुटल्यासारखा आवाज झाला. बर्फ करण्यासाठी अमोनिया वापरतात, त्याचा पाइप फुटला होता. पांढरा धूर पुढच्या दारातून आत आला. अमोनियाचा वास आम्हाला नवा नव्हता, कधीमधी यायचा. पण हा वास नव्हताच. डोळ्यांत आणि घशात कुणीतरी निखारे कोंबावेत तसं झालं.

पुढे धूर, म्हणून सगळ्या मागच्या दाराकडे पळाल्या. पुढची बाई दारावर आपटली, तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी. "उघडा गो, उघडा!" असा एकच कल्लोळ. वनिताने माझा हात धरला होता. मला दिसत नव्हतं, पण तिच्या बांगड्या माझ्या मनगटाला टोचत होत्या. मग तिचा हात सैल झाला. मी तो पुन्हा पकडायला गेले तर हाती दुसऱ्याच कुणाचा तरी एप्रन आला.

कारखान्यामागे कातळाच्या पलीकडे चार घरं आहेत. तिथल्या बेबीमावशीने आमचा आरडाओरडा ऐकला. ती धावत आली, बाहेरचं कुलूप बघितलं आणि नाक्यावरच्या रिक्षावाल्यांना हाका मारल्या. त्यांनी पहारीने कडी उचकटली. आम्ही एकमेकींवर बाहेर पडलो. पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. सगळ्यात जास्त आठवतं ते पाणी. मावशीच्या घरच्या, शेजारपाजारच्या बायका विहिरीवरून कळशा आणत होत्या आणि आमच्या डोळ्यांवर ओतत होत्या. मी हात मारत होते, मान फिरवत होते, तर मावशीने माझं डोकं आपल्या मांडीत दाबून धरलं. "मार मला, हवं तेवढं मार. पण डोळे मिटू नको, बाय माझी."

डॉक्टर नंतर म्हणाले, ते पाणी पडलं नसतं तर डोळे गेलेच होते.

रिक्षावाल्यांनी बायकांना उचलून रिक्षांत घातलं आणि हॉर्नवरचा हात न काढता सिव्हिलला नेलं. वनिता माझ्या मागच्या रिक्षात होती. तिच्यासह तिघी वाटेतच गेल्या.

पट्ट्या

माझ्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या होत्या, नाकात नळी. छातीत शिट्टी वाजल्यासारखा आवाज यायचा आणि तो माझाच आहे हे कळायला मला वेळ लागला. वनिताचं मला कुणी सांगितलं नव्हतं. पण सासूबाई माझ्या पायाशी बसून नुसते पाय चेपत राहिल्या, तोंडातून शब्द नाही, तेव्हाच मी ओळखलं. आमच्या सासूबाई गप्प बसणाऱ्या नव्हेत.

पट्ट्यांआड जग म्हणजे आवाज. सकाळी फरशी पुसणाऱ्या बाईची बादली, मग नर्सचं "लताबाई, सुई हं," मग डॉक्टरांच्या चपला. आणि दुपार झाली की माणसं. किती माणसं आली! मासळी बाजारातल्या बायका शहाळी घेऊन आल्या. कुणी चादरी दिल्या, कुणी हातपंखे. नेवऱ्याहून कुणी एक मास्तर आले, त्यांची माझी ओळख ना पाळख, ते रोज वॉर्डातल्या सगळ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवत. कारखान्याची बातमी आली की मध्येच थांबत. मी म्हणायची, "वाचा गुरुजी. मला त्याचं नाव ऐकायचंय."

श्वासाच्या व्यायामाला एक प्लॅस्टिकचं यंत्र दिलं होतं. नळीतून श्वास आत ओढायचा, की त्यातल्या तीन गोळ्या वर उचलल्या जातात. पहिली गोळी उचलायची म्हणजे डोंगर चढायचा. यजमान मुंबईहून आले होते, ते शेजारी बसून सांगत, "उचलली गो, अर्धी उचलली!" मी त्यांना सांगितलं नाही, पण प्रत्येक श्वासाला मी मनात दिगसकरचं नाव घेत होते. हा ओढला, तुझ्यासाठी. हा ओढला, तुला कोर्टात उभं बघायला. दुसरी गोळी हलली तेव्हा यजमानांनी देवाला नारळ बोलला. मी नळी पुन्हा तोंडात धरली.

पेज घेऊन येणारी

यजमानांची रजा संपली. दीर वेड्यासारखे झाले होते, नुसते ओट्यावर बसून असायचे. सासूबाईंना रुपालीला टाकून दवाखान्यात दिवसभर बसणं शक्य नव्हतं. त्या सकाळी येऊन जात. दुपारी मी एकटी.

मग एक बाई यायला लागली. गरम पेज आणायची, वर मेतकूट. चमच्याने भरवायची. ओठ पुसायची, केस विंचरायची. कुणाच्याही आधी तिच्या लक्षात आलं होतं की पट्टीच्या कडेने मला खाज येते. ओल्या फडक्याने ती हलक्या हाताने टिपून घ्यायची.

"तुम्ही कोण?" मी विचारलं.

"अशीच. इथेच राहत्ये. तुम्ही बोलू नका, खोकला येईल."

वाटलं, आली असेल दयेपोटी, जशा बाकीच्या आल्या. नाव विचारलं तर म्हणाली, "माधवी."

मी तिच्याशी बोलायला लागले. घरच्यांशी बोलता येत नव्हतं, त्यांचं दुःखच एवढं होतं. हिच्यापुढे मात्र सगळं ओकले. वनिता कशी हसायची, तिचा हात कसा सुटला, सगळं. आणि दिगसकर. "त्याला त्याच शेडमध्ये कोंडावं, बाहेरून कडी घालावी आणि मी दाराशी बसून ऐकावं. त्याच्या बायकोचं कपाळ पांढरं व्हावं, म्हणजे कळेल आमच्या घरात काय झालंय ते."

चमचा वाटीवर टेकल्याचा आवाज आला.

"आणखी दोन घोट घ्या," ती म्हणाली. "थोडीच राहिलीय."

दुसऱ्या दिवशीही ती आली. तिसऱ्या दिवशीही. मी रोज त्या माणसाला नवा शाप द्यायची आणि ती रोज माझी वेणी घालायची.

उघडलेला डोळा

उजव्या डोळ्याची पट्टी सुटली ती सकाळी. दुधात बुडवल्यासारखं दिसत होतं, पण दिसत होतं. सासूबाईंचं तोंड दिसलं. केवढ्या म्हाताऱ्या झाल्या होत्या त्या! मी त्यांच्या गालाला हात लावला आणि पहिल्यांदाच रडले.

दुपारी माधवी आली. दारातून डबा घेऊन येताना मी तिला पाहिलं आणि ओळखलं. कारखान्यात सत्यनारायणाची पूजा व्हायची, तेव्हा पूजेला बसायचे मॅनेजर आणि त्यांची बायको. प्रसाद वाटताना तिने माझ्या हातावर शिरा घातला होता.

मी डोळा उघडून बघतेय, हे तिच्याही ध्यानात आलं. पण ती मागे फिरली नाही. खाटेजवळ आली, डबा उघडला.

मी हात मारून वाटी उडवली. पेज तिच्या साडीवर, फरशीवर. वॉर्डातल्या बायका उठून बसल्या.

"कशाला आलीस? नवऱ्याला सोडवायला? माझ्या तोंडात चमचा घालून मला विकत घ्यायला?"

तिने फडकं घेतलं आणि फरशी पुसली. पुसून झाल्यावर म्हणाली, "नाही. घरात बसवत नव्हतं म्हणून आल्ये. तुम्हाला दिसायला लागलं, फार बरं झालं. आता नाही येणार."

"मी तुझं कपाळ पांढरं व्हावं म्हटलं. ऐकलंस ना?"

"ऐकलं."

ती गेली. मला इतका राग आला होता की छाती भरून आली, नर्सने धावत येऊन नळी लावली. तिने मला फसवलं याचा राग होताच. त्याहून जास्त राग याचा, की तिच्या हाताची मला सवय झाली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी दाराकडे माझं लक्ष होतं आणि त्याबद्दल मी स्वतःला दहा शिव्या घातल्या.

सासूबाई

"तुम्हाला माहीत होतं?" मी सासूबाईंना विचारलं.

"होतं."

"तुमची सून गेली, आई! आणि तुम्ही त्याच्या बायकोला माझ्या उशाशी बसवलंत?"

सासूबाईंनी लुगड्याच्या पदराच्या घड्या घातल्या. मग म्हणाल्या, "ती दारात आली. माझे पाय धरलेन. मी हाकलली. परत आली. मी म्हटलं, तुझा नवरा मेला तर मी आरती ओवाळीन. ती म्हणाली, ओवाळा, पण तुमच्या सुनेला दुपारी कोण भरवतं ते सांगा. आता सांग, काय उत्तर होतं माझ्याकडे? पोर सांभाळू की तुला? भूक कुणाच्या हाताने भागली ते पोटाला कळत नाही गो."

"मला कळतं."

"तुला कळतं, कारण तू जगलीस," त्या म्हणाल्या आणि उठून गेल्या. आम्ही दोघी त्यानंतर पुष्कळ दिवस सरळ बोललो नाही. आजारपण नुसतं आजाऱ्याला होत नाही.

उपकारांचं ओझं

घरी आले तर अंगणात निम्मी वाडी उभी. मला पायऱ्या चढवेनात, दोघींनी खुर्चीसकट उचलून आत नेलं. आमची भातं पिकून उभी होती. वाडीतल्या माणसांनी ती कापून, झोडून कणगीत भरून ठेवली होती. त्या पावसाळ्यानंतर आमच्या घरात आठवडाभर चूल पेटवायची वेळच आली नाही, एवढे डबे यायचे. तपासणीसाठी सिव्हिलला न्यायला नाक्यावरचाच एक रिक्षावाला येई. पैसे काढले की रिक्षा चालू करून निघून जाई.

हे सगळं मी मोठ्या मनाने घेतलं असतं. पण थोड्या दिवसांनी गावकीची चार मोठी माणसं आली. चहा झाला. मग त्यातले दादा म्हणाले, "लता, सगळ्यांनी मिळून केलं, झालं ते निभावलं. आता पुढेमागे कोर्टात तुझी साक्ष व्हायची. कारखाना कायमचा बंद झाला तर आपल्याच बायकांच्या हाताचं काम जाईल. माणूस काही वाईट नाही. चूक झाली. त्याच्या बायकोने तुझं केलं, हे तर सगळ्यांना माहीत आहे."

मला धाप लागत होती. मी सावकाश बोलले. "दादा, तुम्ही माझी भातं कापलीत. मी मरेपर्यंत तुमच्या पाया पडेन. पण कापणीच्या बदल्यात साक्ष नाही मिळणार."

"अशी काय बोलतेस?"

"अशीच. वनिताला विचारून या, मग मी बदलते."

ते उठले. त्यांच्यातल्या दोघांनी पुढे वर्षभर माझ्याशी बोलणं टाकलं. डबे कमी झाले. एक सांगते: लोकांची माया खरी असते, पण तिला कधीकधी शेपूट असतं, आणि ते नंतर दिसतं. म्हणून माया नाकारू नका. फक्त शेपूट हातात घेऊ नका.

चालता यायला लागल्यावर मी पहिली गेले ती बेबीमावशीकडे. नारळ आणि खण घेऊन. तिने खण परत माझ्याच ओटीत घातला. तिची स्वतःची लेक त्याच कारखान्यात होती आणि आता घरी बसून होती. मी भीतभीतच विचारलं, "मावशी, साक्षीला येशील?"

"कुलूप मी बघितलंय," ती म्हणाली. "न बघितलेलं कसं म्हणू?"

साक्ष

खटला उभा राहायलाच वर्षं गेली. मालक मुंबईचा. तो कसा, कुठून निसटला मला कळलं नाही, त्याचं तोंडही आम्ही कधी पाहिलं नाही. त्याच्यावरचा राग माझ्याजवळ तसाच बांधून ठेवलेला आहे. उभा राहिला तो दिगसकर. केस पिकले होते, पोट उतरलं होतं. मला त्याची दया येईल असं सगळ्यांनी बजावलं होतं. मी वाट पाहिली. आली नाही.

त्याच्या वकिलाने मला विचारलं, "आरोपीच्या पत्नीने दवाखान्यात तुमची सेवा केली, हे खरं आहे?"

"खरं आहे."

"तुम्हाला भरवलं, तुमचे केस विंचरले?"

"हो. आईने केलं नसतं तसं केलं."

"मग या कुटुंबाबद्दल तुमच्या मनात—"

"तिचे उपकार आहेत," मी म्हटलं. "ते मी तिला फेडीन. त्याने कडी लावली. ते तो फेडेल."

न्यायाधीशांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला खोकल्याची उबळ आली. शिपायाने पाणी आणून दिलं. पाणी पिताना मी दिगसकरकडे बघत होते. तो खाली बघत होता. त्या क्षणी कुणी मला तीर्थ दिलं असतं तरी ते त्या पाण्याएवढं गोड लागलं नसतं. हे लिहायला मला लाज वाटत नाही.

बेबीमावशी माझ्यानंतर उभी राहिली आणि तिने कुलूप, कडी, पहार सगळं सांगितलं.

शेवटी काय झालं

त्याला कैद झाली. तो जामिनावर सुटला, अपिलात गेला. आणखी वर्षं गेली. रुपाली हायस्कूलला जायला लागली, मला आई म्हणायची. दीर सावरले. माझा डावा डोळा अधू राहिला आणि चढ चढताना आजही मला तीनदा थांबावं लागतं.

अपील फेटाळलं तेव्हा मी मुद्दाम कोर्टात गेले. पोलीस त्याला गाडीत बसवत होते. मी ऊन लागत असूनही गाडीच्या दारासमोर उभी राहिले, त्याला मी दिसावी म्हणून. त्याने हात जोडले. मी जोडले नाहीत. गाडीचं मागचं दार लागलं, शिपायाने बाहेरून कडी ओढली. तो आवाज मी ऐकला आणि मग स्टँडवर गेले.

मालगुंडची गाडी भरलेली होती. मला खिडकीजवळ जागा मिळाली. गाडी सुटता सुटता माधवी चढली. हातात नवऱ्याच्या कपड्यांची पिशवी, बहुधा पोलिसांनी परत केलेली. ती आता माहेरी, मालगुंडला राहते, हे मी ऐकून होते. तिने मला पाहिलं आणि दांडा धरून पुढे तोंड करून उभी राहिली. वळणावर ती दोनदा तोल जाऊन माणसांवर आदळली.

शेजारचा माणूस उतरला. मी सरकले.

"माधवीबाई," मी हाक मारली.

तिने वळून पाहिलं.

"त्याला आत टाकला म्हणून मला आनंद झालाय. तुम्हाला खोटं सांगणार नाही."

"माहीत आहे मला," ती म्हणाली.

"बसा."

ती बसली. पिशवी मांडीवर ठेवली. खाडीवरून वारा येत होता आणि मला तो सोसत नाही, म्हणून तिने माझ्या अंगावरून हात नेऊन खिडकीची काच खाली ओढली.